खोलगट फरशी

पाडव्याला अजून दोन दिवस,
आणि गंगेवर दुपारपासून माझी दोरी ताणलेली.
नाशकात नदीला गोदावरी म्हणाला
तर समजावं, पाहुणा आहे.

मी अंबडला लेथवर असतो.
तिथं केसाएवढा फरक चालत नाही.
इथं वीतभर सरकलं तरी बायका म्हणतात,
असू द्या हो बेंडकुळे, रंग सांभाळून घेतो.
माझं काम चौकटी आखायचं.
गेरूत भिजवलेली सुतळी, दोन टोकांना दोन पोरं,
मधोमध चिमटीत धरून उचलायची
आणि सोडायची. टण्.
दगडावर लाल रेघ उठते.

यंदा द्राक्षाचा घड. रीतसर मतदान झालं.
मोर चार मतांनी पडला.
मोराच्या बाजूच्या कस्तुरे काकू
दोन दिवस रुसून घरी बसल्या,
तिसऱ्या दिवशी आल्या त्या
स्वतःची चाळणी घेऊन.

रात्री हॅलोजन लागले.
जेलरोडच्या बायकांची रेघ सरळ,
मखमलाबादच्यांचा हात सढळ,
सिडकोच्या मुली पाठमोऱ्या सरकत जातात
पोछा मारल्यासारख्या,
गुडघ्यांना जुन्या ओढण्या बांधून.
कुणाचं तरी बाळ रिकाम्या पोत्यांवर झोपलंय,
गालाला पोपटी लागलेला.
नदी बाजूला गप्प. कुंडात
विझलेल्या द्रोणांचा एक घोळका.

पहाटे साडेतीनला जांभळा संपला.
हिशेब माझा होता.
लांबी गुणिले रुंदी गुणिले एक काडीची जाडी,
वर दोन पोती जास्तीची.
पण खालच्या अंगाचा एक मणी
रंग पितच राहिला, पितच राहिला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात छबूबाई निरभवणे ड्यूटीवर आल्या,
खांद्यावर खराटा.
काठाशी थांबून म्हणाल्या,
तिथं दगड खचलाय.
चार बोटं.
पावसाचं पाणी तिथंच तुंबतं,
बेलाची पानं तिथंच जमतात,
अकरा वर्षं मी तिथं दोनदा झाडते.

आधी नाही का सांगायचं?

तुम्ही दोरी लावत होता,
म्हटलं माहीत असंल.

कस्तुरे काकूंनी निळ्यात गुलाबी ओतला,
परातीत दोन्ही हातांनी कालवला,
आणि परात छबूबाईंपुढे धरली.
भरा तुम्हीच. तुमचा खड्डा.
त्या घाटावर गेल्या, हात धुतले,
पदराला पुसले, पुन्हा पुसले.
चिमटी त्यांना जमेना.
मग मूठ भरून सोडायला लागल्या,
अंगणात कोंबड्यांना दाणे टाकावे तशी,
आणि तळहाताने हळूच सपाट करत गेल्या.
परवा मलाच काढायचंय हे, म्हणाल्या.
सिडकोची एक मुलगी हसली,
मग तिचं हसू अर्ध्यातच राहिलं.

उजाडल्यावर पुलावर ही गर्दी.
मोबाइल उंच धरलेले हात,
काठीवर उपरणी, कुणाच्या नाकात नथ.
वरून अख्खा घड दिसतो म्हणे,
रसानं तट्ट फुगलेला.
मीही वर गेलो.
मला एकच मणी दिसत होता,
बाकीच्यांपेक्षा किंचित निळा.

वैशाखात कामावरून येताना सहज वळलो.
पटांगण भाजून निघालेलं,
उसाच्या गाडीवाला छत्रीखाली पेंगलेला.
गेरूची रेघ नाही, काही नाही.
खोलगट फरशीच्या सांध्यात मात्र
बोटभर जांभळा.

छबूबाई सावलीला बसल्या होत्या.
म्हटलं, तेवढं राहिलंय.
निघत नाही ते, म्हणाल्या.
थोड्या वेळाने म्हणाल्या,
मीपण जोर लावला नाही.
आणि खराटा उलटा करून
दगडावर तीनदा आपटला,
पुढं आलेल्या काड्या
बाकीच्यांच्या रांगेत आणायला.